खात्रीचा माणूस

आमच्या ह्यांना खोटं बोलता येत नसे. हे मी कौतुकाने सांगतेय असं कुणी समजू नये. अशा माणसाशी संसार करून बघा, म्हणजे कळेल. लग्नानंतर एकदा नवे कपडे घालून मी समोर उभी राहिले आणि विचारलं, “कशी दिसते?” ह्यांनी चष्मा पुसला, मला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, “काल बरी दिसत होतीस.” त्यानंतर मी कधी विचारलं नाही.

ह्यांचं वजनकाटे दुरुस्त करायचं दुकान होतं. पुढे काउंटर, मागे खिडकीपाशी टेबल, टेबलावर लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडलेली पितळी वजनं, आणि दारावर ह्यांनी स्वतः रंगवलेली पाटी: ‘वजनकाटे खात्रीने दुरुस्त करून मिळतील’. त्यातल्या ‘खात्रीने’ला तेवढा लाल रंग. एखादा दुकानदार डोळे मिचकावून म्हणायचा, “काका, काटा जरा आमच्या बाजूने झुकू द्या की.” हे एक अक्षर न बोलता त्याचा काटा फडक्यात गुंडाळायचे आणि त्याच्या हातात परत द्यायचे. गिऱ्हाईक तोडायला असा माणूस शोधून सापडला नसता. घर चालतं ते माझ्या शिवणामुळे, असं मी चारचौघांत म्हणायची, आणि हे मान हलवून कबूल करायचे. त्याचाही मला राग यायचा.

अशा बापाच्या घरी भुंगा जन्मला. पाळण्यात असल्यापासून सारखा गुणगुणायचा म्हणून भुंगा, आणि एका जागी टिकायचा नाही म्हणूनही भुंगाच. शाळेत हजेरी सुरू झाली की हा खिडकीतून बाहेर. त्याच्या नावाला ‘हजर’ म्हणायचा तो मागच्या बाकावरचा त्याचा दोस्त, आवाज बदलून. मोठा झाल्यावर नोकऱ्या धरल्या, सोडल्या. बापाशी वाजलं की घरातून निघून जायचा, तो कधी आठवड्याने परत यायचा, कधी महिन्याने. आला की गुपचूप पानावर बसायचा आणि हे पेपर तोंडासमोर धरायचे. मध्ये मी पोस्टमन. “त्याला सांग, दिवा बंद कर म्हणावं.” “बाबांना सांग, केलाय.” एकाच खोलीत, बरं का.

शेवटी एका गोदामात तो माल पोचवायची गाडी चालवायला लागला आणि तिथे मात्र टिकला. मी म्हटलं, चला, गाडी रुळावर आली. तर एका संध्याकाळी पोलीस दारात. गोदामातला बराच माल गायब झाला होता आणि तो भुंग्याच्या गाडीतून गेला होता. भुंगा सांगत होता की त्या दिवशी त्याने गाडीची किल्ली दुसऱ्या ड्रायव्हरला दिली होती, त्याच्या घरी कुणी आजारी आहे म्हणून. तो दुसरा ड्रायव्हर केव्हाच पसार झाला होता. मग जो सापडला त्याला नेलं. जाताना भुंगा मला म्हणाला, “आई, मी नाही केलं गं.” बापाकडे त्याने बघितलंही नाही. मी ओरडले, “अहो, बोला काहीतरी!” हे म्हणाले, “काय बोलू? मला काही माहीत नाही.” माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

वकील शोधायचा म्हणजे शोधायचा कुठे? आमच्या ओळखीत एकच वकील, दुकानाचे कागद ज्यांनी केले होते ते म्हातारे वकीलसाहेब. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “वहिनी, माझं आयुष्य खरेदीखतं आणि मृत्युपत्रं करण्यात गेलं. या भानगडीत मी पडलो, तर तुमचा मुलगा आत राहील आणि त्याच्या सोबतीला मीही जाईन. फौजदारी चालवणारा बघा, आणि तोही इथल्याच कोर्टात रोज उभा राहणारा.” शेजारणीच्या भावाने मोठ्या शहरातल्या नामांकित वकिलाचा नंबर दिला. तिथे आधी सहायक बोलला, मग सहायकाचा सहायक बोलला, साहेब काही बोललेच नाहीत. कोर्टाच्या फाटकाशी एक गुळगुळीत दाढी केलेला माणूस भेटला. “मावशी, जामीनदार पाहिजे का? माणूस तयार, कागद तयार. तुमच्या मुलाचा सख्खा चुलता म्हणून उभा राहील.” खरं सांगते, मला मोह झाला. हे म्हणाले, “त्याला चुलता नाही.” तिथे विषय संपला.

मग मी रोज कोर्टाच्या आवारातल्या बाकावर जाऊन बसायला लागले. शेजारी एक बाई असायची, तिचा नवरा आत होता. तिला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “वकील बोलतो कसा ते बघू नका. तारखेला स्वतः येतो का ते बघा. माझ्या पहिल्या वकिलाचं तोंड मी फी देताना पाहिलं, ते शेवटचं.” आणि तिने बोट करून दाखवली ती आमची वकीलबाई. काखेत फायली, पायात झिजलेल्या चपला, शिपायापासून सगळ्यांशी थांबून बोलणारी.

तिचं ऑफिस सायकलच्या दुकानाच्या माडीवर होतं. खाली चाकात हवा भरल्याचा आवाज यायचा आणि ती तेवढा वेळ बोलायची थांबायची. “मावशी, आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा,” ती म्हणाली. “जामीन म्हणजे सुटका नव्हे. खटला चालूच राहतो. जामीन म्हणजे कोर्ट म्हणतं, निकाल लागेपर्यंत घरी राहा, पण बोलावलं की यायचं. तसं तो स्वतः लिहून देतो, त्याला म्हणायचं जातमुचलका.”

मला तो शब्द एखाद्या औषधाच्या नावासारखा वाटला. मी दोनदा म्हणून पाहिला.

“आणि नुसत्या त्याच्या शब्दावर कोर्टाचं भागत नाही,” ती पुढे म्हणाली. “त्याच्या मागे कुणीतरी उभं राहावं लागतं, तो जामीनदार. हा तारखेला आला नाही, तर लिहून दिलेली रक्कम जामीनदाराकडून वसूल होते. म्हणून त्याच्या नावावर काहीतरी लागतं. तुमच्या नावावर काय आहे?”

“शिलाई मशीन,” मी म्हटलं.

घर भाड्याचं. दुकान तेवढं मालकीचं, आणि ते ह्यांच्या नावावर. वकीलबाईने ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, “दुकान लिहून द्यायला माझी हरकत नाही.” मला बरं वाटलं. मी त्यांच्या खांद्यावरचा दोरा उचलल्यासारखं केलं, दोरा नव्हताच.

बाकावरच्या बाईने सांगितलं तशीच वकीलबाई निघाली. अर्ज स्वतः चालवला, स्वतः भांडली. भुंग्यावर आधीचा एकही गुन्हा नाही, किल्ली दुसऱ्याकडे होती हे सांगणारा गोदामाचा पहारेकरी आहे, असं सगळं तिने मांडलं आणि जामीन मंजूर झाला. मी तिथेच हात जोडले. ती कानाशी येऊन म्हणाली, “मंजूर झालाय, मिळाला नाही अजून. जामीनदाराला साहेब समोर बोलावतील. काका, दोन-तीन प्रश्न असतात. हा तुमचा कोण, दुकान कुणाचं, आणि हा हजर राहील याची खात्री देता का. शेवटच्याला ‘हो’ म्हणायचं. बाकीचं मी बघते. आज झालंच पाहिजे, उद्यापासून कोर्टाला मोठी सुट्टी लागतेय.”

मी ह्यांना जिन्याशी गाठलं. “ऐकलंत ना? हो म्हणायचंय.” हे म्हणाले, “ऐकलं.”

न्यायाधीश तसे शांत होते, थकलेले. समोर फायलींचा ढीग, वर पंखा घरघरत होता. पिंजऱ्यात भुंगा उभा. हे पुढे गेले, हातातली टोपी छातीशी धरून.

“आरोपी तुमचा कोण?”

“मुलगा.”

“दुकान तुमच्याच नावावर?”

“हो साहेब.”

“हा प्रत्येक तारखेला हजर राहील, याची खात्री आहे तुम्हाला?”

न्यायाधीशांचं पेन कागदावर टेकलेलं होतं. ते वर बघतही नव्हते, इतका तो रोजचा प्रश्न होता. ह्यांनी तोंड उघडलं. मग मान वळवून भुंग्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. पेन थांबलं.

“खात्री नाही, साहेब,” हे म्हणाले. “इच्छा आहे.”

मागे कुणीतरी हसलं. वकीलबाई घाईघाईने उठली, “साहेब, त्यांचं वय झालंय, प्रश्न नीट कळला नाही,” असं काहीबाही बोलायला लागली, तर हे म्हणतात, “प्रश्न कळला.” न्यायाधीशांनी चष्मा काढला. चिडले नाहीत. म्हणाले, “मग मी तुम्हाला जामीनदार म्हणून कसं घेऊ? दुसरा आणा.” दुसरा कुठून आणणार? भुंगा इतक्या वर्षांत पहिल्यांदा बापाकडे सरळ बघत होता. म्हणाला, “बाबांचं बरोबर आहे, साहेब.” मग त्याला घेऊन गेले.

घरी येईपर्यंत मी ओठ आवळून धरले. दार लावलं आणि मग माझा तोल गेला. “एका अक्षराचा शब्द होता हो! एका अक्षराचा! पोटच्या पोरासाठी तुमच्या जिभेला तेवढा झेपला नाही?” हे दुकानातून दुरुस्तीला घरी आणलेला काटा समोर ठेवून बसले होते, हात मांडीवर. जेव्हा बोलले तेव्हा आवाज त्यांचा वाटत नव्हता.

“म्हणणारच होतो. पण साहेब ‘खात्री’ म्हणाले आणि मी त्याच्याकडे बघितलं. मला कळेना, हा मुलगा सकाळी उठून काय विचार करतो, कशाला घाबरतो, कशावर हसतो. इतकी वर्षं मी त्याच्याशी बोललोच नाही गं. खात्री आणू कुठून?”

मला भांडायचं होतं, अजून पुष्कळ बोलायचं होतं. पण हे रडत होते. ह्यांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि काय करायचं असतं ते मला सुचलं नाही. मी चहा टाकला.

सुट्टीत तुरुंगात भेटायची परवानगी होती. हे माझ्याबरोबर आले. मध्ये जाळी, पलीकडे भुंगा, गालफडं बसलेली. हे मला म्हणाले, “विचार त्याला, जेवतो का.” भुंगा म्हणाला, “बाबांना सांग, जेवतो.” जाळीपाशीही मी पोस्टमनच. वेळ संपल्याची हाक आली, मी उठले, हे उठले नाहीत. जाळीला चष्मा टेकेल इतके पुढे वाकले आणि म्हणाले, “बारीक झालास.” भुंगा म्हणाला, “हो, बाबा.” एवढंच. पण माझ्यामार्फत नाही.

त्यानंतर हे दोन-तीनदा एकटेच कुठेतरी जाऊन आले. मला वाटलं, काट्याचं सामान आणायला. एक दिवस दुपारी आले आणि शिवणाच्या मशीनवर एक कागद ठेवला. म्हाताऱ्या वकीलसाहेबांकडून करून आणलेलं बक्षीसपत्र. दुकान माझ्या नावावर केलं होतं.

“हे कशाला?” मी विचारलं.

“सुट्टी संपली की तू उभी राहा.”

“आणि मला विचारलं, खात्री आहे का, तर?”

“तू हो म्हणशील.”

“म्हणजे मी खोटं बोलायचं?”

“मला येत नाही,” हे म्हणाले. “तुला येऊ दे.” मी सगळा राग विसरले. खरंच विसरले. “मागे उभे राहाल ना?” मी विचारलं. “राहीन,” म्हणाले. “भिंतीशी उभा राहीन. त्याला दिसेन असा.”

ते काही झालं नाही. कोर्ट उघडायच्या आतच एका सकाळी दुकानात टेबलाशी बसल्याबसल्या हे गेले. समोरच्या चहावाल्याने पाहिलं; त्याला वाटलं, वाकून काहीतरी बारीक काम करताहेत. भुंग्याला थोडा वेळ घरी आणायची परवानगी मिळवायला वकीलबाई धावली. इथलं कोर्ट बंद, सुट्टीतले न्यायाधीश दुसऱ्या गावी. हुकूम घेऊन ती परत आली तोवर संध्याकाळ झाली होती आणि ह्यांना नेऊन सगळे परतही आले होते. ती दारातच बसली, हातात तो कागद घेऊन. तिची काही चूक नव्हती. मीच तिला पाणी दिलं.

कोर्ट उघडलं. न्यायाधीश तेच, पंखा तोच. माझ्या हातात ह्यांनी दिलेला कागद.

“मागच्या वेळी याचे वडील आले होते ना?”

“ते गेले, साहेब.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग उचललं. “हा हजर राहील, याची खात्री आहे?”

“हो,” मी म्हणाले. ठणठणीत आवाजात म्हणाले. खोटं बोलायला काही लागत नाही हो, तोंड उघडायचं फक्त. खोटं एवढ्यासाठी की मला कसली खात्री? पाळण्यापासून मी त्याच्या मागे धावत आलेले.

तुरुंगाच्या दारातून आम्ही दोघं चालत निघालो. भुंगा गुणगुणत नव्हता. दुकानाशी आल्यावर थांबला, पाटी वाचली, कुलपाला हात लावला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “आई, खात्री आहे म्हणालीस. होती का?”

न्यायाधीशाला फसवणारी मी, पण त्या पाटीखाली माझ्याने ते झालं नाही. “नव्हती रे,” मी म्हटलं.

त्याने मान हलवली, अगदी ह्यांच्यासारखी. “म्हणजे दोघांनाही नव्हती.” आणि चालायला लागला.

पुढच्या तारखेपर्यंत तो घरातच होता. बोलायचा कमी, झोपायचा त्याहून कमी. तारखेच्या दिवशी सकाळी मी उठले तर त्याचं अंथरूण रिकामं. चपला नाहीत. हाक मारली, गल्लीच्या टोकापर्यंत पाहून आले. गेला. परत गेला. दुकान जाईल याचं मला काही वाटलं नाही, देवाशप्पथ. मला वाटलं, म्हणजे हे बरोबर होते आणि आता कायमचे बरोबरच राहणार. कशीबशी आवरून एकटीच कोर्टाकडे निघाले. न्यायाधीशांना काय सांगायचं याची वाक्यं जुळवत होते आणि एकही जुळत नव्हतं.

कोर्टाचं फाटक अजून बंद होतं. झाडूवाली आत झाडत होती. आणि फाटकाबाहेरच्या पायरीवर, इस्त्रीचा शर्ट घालून, गुडघे जुळवून भुंगा बसला होता.

“आलीस?” म्हणाला. “अजून उघडलं नाही.”

मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. मग त्याच्या शेजारी बसले. वकीलबाई आली, आम्हाला तिथे बघून हसली.

पुकारा झाला. कारकुनाने नाव पुरतं उच्चारलंही नव्हतं, तोच भुंगा ओरडला, “हजर!” इतक्या मोठ्याने, की न्यायाधीशांनी चष्म्यावरून वर बघितलं आणि दारातला शिपाई दचकला. शाळेत उभ्या जन्मात जो शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकला नाही, तो सगळा एकदम बाहेर पडला. पण तो न्यायाधीशांकडे बघत नव्हता. मान वळवून मागच्या भिंतीकडे बघत होता. हे तिथे उभे राहणार होते, असं मीच त्याला सांगितलं होतं. भिंतीशी कुणी नव्हतं. पुढची तारीख मिळाली आणि आम्ही बाहेर आलो.

खटला अजून चालू आहे. वकीलबाई म्हणते, चालेल बराच काळ. भुंगा एकही तारीख चुकलेला नाही, आणि दर वेळी तसाच ओरडतो, तसाच मागे बघतो. शिपायाला आता सवय झालीय.

त्या पहिल्या दिवशी जिना उतरताना तो मध्येच थांबला होता. “आई,” म्हणाला, “बाबांना ऐकू गेलं असेल का गं?”

हे असते तर म्हणाले असते, माहीत नाही. इच्छा आहे. मी त्याचा दंड धरला आणि त्या एका अक्षराने उत्तर दिलं.

“हो.”